फॉर्म पुढे गेलाच नाही: फौजेत राहून शिकू पाहणाऱ्या पोरांसाठी

आमच्या तालुक्यात पहाटे ग्राउंडवर पळायला येणारी पोरं मला दोन गोष्टी हमखास विचारतात. फौजेत गेल्यावर पुढचं शिक्षण करता येतं का, आणि जवान म्हणून भरती झालेल्याला ऑफिसर होता येतं का. दोन्हींचं उत्तर 'हो' आहे. नियमात आहे आणि ज्यांनी करून दाखवलं अशी माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. पण नियम दिल्लीत लिहिलेला असतो आणि तुमचा फॉर्म कंपनी ऑफिसातून जातो. मधल्या टप्प्यात काय होतं ते भरतीच्या कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत, म्हणून हे लिहितोय.

मी सातारा जिल्ह्यातला. बारावी करून पायदळात भरती झालो, सिग्नल प्लाटूनमध्ये रेडिओ ऑपरेटर होतो, हवालदार म्हणून पेन्शनला आलो. आमच्या भागात फौज घराघरात आहे. पण त्या घरांतून पिढ्यान् पिढ्या सुभेदार निघाले, कर्नल फार थोडे. हे असं का, हा प्रश्न मला नोकरीत असताना पडला.

आधी रस्ते कोणते ते सांगतो. जवानाला अधिकारी होण्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला आर्मी कॅडेट कॉलेज, म्हणजे एसीसी. वय 20 ते 27, बारावी पास, किमान 2 वर्षं नोकरी. लेखी परीक्षा, मग एसएसबीचे, म्हणजे निवड मंडळाच्या चाचण्या-मुलाखतींचे, 5 दिवस, मग मेडिकल. निवड झाली की डेहराडूनला 3 वर्षं शिक्षण, त्यात जेएनयूची पदवी मिळते, आणि त्यानंतर इंडियन मिलिटरी अकॅडमीत 1 वर्ष. दुसरा मार्ग स्पेशल कमिशन, एससीओ. वय 28 ते 35, नोकरी किमान 5 वर्षं. तिसरा पीसी एसएल, म्हणजे स्पेशल लिस्ट, तो बराच अनुभव झालेल्या हवालदारांसाठी आणि जेसीओंसाठी, म्हणजे नायब सुभेदार ते सुभेदार मेजर. तिन्हींत फॉर्म युनिटमधूनच जातो आणि त्यावर कमांडिंग ऑफिसरची शिफारस लागते. बाहेरचा मुलगा एनडीए किंवा सीडीएसचा फॉर्म घरबसल्या भरतो, त्याला कुणाला विचारावं लागत नाही. जवानाला विचारावं लागतं, आणि घोडं तिथेच अडतं.

माझं असं झालं. एसीसीच्या परीक्षेचं पत्र आलंय हे मला क्लार्कनं सांगितलं. रोल कॉलला ते वाचून दाखवलं गेलं नव्हतं. मी फॉर्म भरला, शाळेचे दाखले जोडले, कंपनी ऑफिसात दिला. शेवटची तारीख जवळ आली तशी चौकशी सुरू केली. सीएचएम, म्हणजे कंपनी हवालदार मेजर साहेब म्हणायचे, "साहब के पास है." साहेबांकडे जायची परवानगी मागितली की, "अभी साहब बिझी हैं." शेवटी त्याच क्लार्कनं मला आत बोलावलं. पेंडिंगच्या ट्रेमध्ये, राशनच्या इंडेंटखाली, माझा फॉर्म होता. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं: "नफरी कम. नेक्स्ट टाइम." नफरी म्हणजे माणसांची संख्या. खाली सही नाही, तारीख नाही.

ती पेन्सिल नीट लक्षात घ्या. शाईनं, सहीनिशी "शिफारस नाही" असं लिहिलं असतं तर तो एक निर्णय झाला असता. त्याचं कारण विचारता आलं असतं, वर दाद मागता आली असती. पेन्सिलीच्या ओळीविरुद्ध कुठे जाणार? कागदोपत्री माझा फॉर्म नाकारला गेलाच नव्हता. तो फक्त पुढे गेला नव्हता. पुढच्या वेळी पत्र आलं तेव्हा युनिट फील्डला निघालं होतं, सगळ्यांचेच फॉर्म थांबले. त्यानंतर माझं वय 27 च्या पुढे गेलं.

काही वर्षांनी नवे सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, आले. त्यांनी दरबारात, म्हणजे सगळ्या जवानांसमोर, स्वतः उभं राहून सांगितलं की कुणाचाही एससीओचा फॉर्म माझ्या टेबलावर दोन दिवसांपेक्षा जास्त राहणार नाही. आणि राहिला नाही. मी लेखी पास झालो, भोपाळच्या एसएसबीला गेलो, निवड झाली नाही. त्याचं मला दुःख आहे, पण तक्रार नाही. पाच दिवस मला पारखलं आणि मी कमी पडलो. एसीसीच्या बाबतीत मला कुणी पारखलंच नाही. परीक्षेत नापास होणं आणि परीक्षेला बसूच न देणं या दोन गोष्टी एका मापात मोजू नका. पहिलीत माणूस सावरतो. दुसरी जन्मभर मनात राहते.

आता अधिकारी असं का करतात? दुष्टपणा म्हणून करणारे मला फार कमी भेटले. कारण बहुतेकदा साधं असतं. एसीसीला निवडलेला जवान युनिटमधून कायमचा जातो आणि त्याच्या जागी माणूस लगेच येत नाही. कंपनी कमांडरचं मोजमाप गार्ड, पेट्रोल, फायरिंग, स्पर्धा यांवर होतं. त्याच्या कंपनीतून किती जवान अधिकारी झाले यावर नाही. त्यात जो पोरगा रेडिओ चांगला चालवतो, नकाशा बिनचूक वाचतो, इंग्रजीत रिपोर्ट लिहितो, तोच परीक्षेत पास होण्याची शक्यता असते आणि तोच कंपनीला सोडवत नाही. कामात यथातथा असलेल्याचा फॉर्म मी विनासायास पुढे जाताना पाहिला आहे. म्हणजे कामात जितके तरबेज व्हाल तितकी वाट अवघड. हे मला अन्यायाचं वाटतं आणि आजही वाटतं, कारण यात नुकसान एकट्या जवानाचं नाही. सैन्यानंच हा जिना बांधला आहे, सैन्यालाच रँकमधून वर आलेले अधिकारी हवे आहेत, आणि तो जिना खालच्या पायरीवर एक माणूस अडवून धरतो.

दुसरं कारण बोललं जात नाही, पण असतं. काही जेसीओंना आणि काही अधिकाऱ्यांनाही मनातून वाटतं की जवानानं जवानच राहावं. "पढ लिख के क्या करेगा, कलेक्टर बनेगा?" हे वाक्य मी इन्फर्मेशन रूममध्ये पुस्तक उघडून बसलो असताना ऐकलेलं आहे. पुस्तक वाचणारा मोकळा दिसतो, म्हणून फतीगला, म्हणजे अंगमेहनतीच्या कामाला, त्यालाच हाक येते. साहेबाचा सहायक म्हणून लावलेल्या पोराची संध्याकाळ तर त्याची स्वतःची राहतच नाही.

ही मनोवृत्ती जुनी आहे. इंग्रजांच्या काळात हिंदी माणूस सुभेदार मेजरपर्यंत चढायचा, त्याच्या छातीवर पदकं असायची, पण कालच विलायतेहून आलेल्या कोवळ्या गोऱ्या लेफ्टनंटच्या हाताखालीच तो राहायचा. किंग्ज कमिशनचं दार हिंदी लोकांना पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस किलकिलं झालं. 1929 मध्ये मध्य प्रदेशातल्या नौगावला किचनर कॉलेज निघालं, रँकमधल्या हिंदी जवानांना कमिशनसाठी तयार करायला. 1932 मध्ये डेहराडूनची अकॅडमी सुरू झाली तेव्हा पहिल्या 40 कॅडेटांपैकी 15 सैन्यातून आलेले होते. 1960 मध्ये नौगावलाच आर्मी कॅडेट कॉलेज उभं राहिलं, 1964 ला ते आपल्या पुण्यात आलं आणि 1977 मध्ये डेहराडूनला गेलं. इतकी वर्षं ही संस्था पुण्यात होती, तरी आमच्या गावातल्या कुणाला तिचं नाव माहीत नव्हतं. हे मला फार लागतं.

आणि महाराष्ट्राला तर दार बंद होण्याचा याहून कडू अनुभव आहे. कंपनी सरकारच्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येनं होते आणि लष्करी छावणीतल्या शाळांमुळे त्यांच्या घरात अक्षर पोचलं. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर, स्वतः पेन्शनर हवालदार, दापोलीहून त्याविरुद्ध अर्ज लिहीत राहिले. भरती बंद म्हणजे नुसता पगार बंद नव्हे, शाळाही बंद, हे त्या हवालदाराला कळलं होतं. महार रेजिमेंट उभी राहायला 1941 उजाडलं, तीही बेळगावात. फौजेत कुणाला शिकू द्यायचं आणि कुणाला वर जाऊ द्यायचं याचा निर्णय वरून एका सहीनं होतो, आणि त्याचे परिणाम गावात दोन-तीन पिढ्या राहतात.

आता कामाचं.

ट्रेनिंग सेंटरमधून युनिटला गेल्यावर सगळ्यात आधी तुमची दहावी-बारावीची नोंद रेकॉर्डमध्ये चढली आहे का ते बघा. शिक्षणाची नोंद पार्ट टू ऑर्डरनं, म्हणजे युनिटच्या लेखी नोंद-आदेशानं, होते. ती झालेली नसेल तर सर्टिफिकेट पेटीत असूनही कागदावर तुम्ही कमी शिकलेले असता. नोकरीत असताना पदवी घेतली तरी हेच. निकाल लागला की पार्ट टू करून घ्या, तिचा नंबर आणि तारीख स्वतःच्या डायरीत लिहून ठेवा.

एज्युकेशनच्या आणि मॅप रीडिंगच्या परीक्षा कंटाळवाण्या वाटतात, पण प्रमोशन कॅडरच्या, म्हणजे बढतीच्या कोर्सच्या, आधी त्या पास नसल्या की तुमच्यामागून आलेला पुढे जातो. एज्युकेशन हवालदार, म्हणजे एईसीचे (आर्मी एज्युकेशन कोअरचे) उस्ताद, हा युनिटमधला सर्वात दुर्लक्षित माणूस असतो. त्यांच्याशी ओळख ठेवा. पत्रं त्यांना आधी कळतात, जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्याकडे असतात. आणि इंग्रजी. मराठी माध्यमातल्या आपल्या पोरांचा एसीसीचा घात गणितात होत नाही, इंग्रजीच्या पेपरात होतो. रोज एक पान इंग्रजी वाचा आणि पाच ओळी लिहा, मग ड्युटी कुठलीही असो. रेडिओ ड्युटीवर मेसेज लॉग इंग्रजीतच लिहायचा असतो. माझं इंग्रजी तिथेच सुधारलं.

पदवीसाठी मुक्त विद्यापीठ हाच जवानाचा रस्ता आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे, केंद्राचं मुक्त विद्यापीठ इग्नू 1985 पासून. मी बीए नाशिकच्या विद्यापीठातून केलं, मराठीतून. प्रवेश घेताना युनिटला लेखी कळवा आणि परवानगीची प्रत जपून ठेवा. खरी अडचण परीक्षेच्या तारखांची. जवानाला वर्षाला 60 दिवस वार्षिक आणि 30 दिवस कॅज्युअल रजा असते, पण ती कधी मिळेल हे नफरीवर ठरतं. वेळापत्रक हातात पडायची वाट बघू नका. वर्षाच्या सुरुवातीला रजेचा प्लॅन बनतो, तेव्हाच मागच्या वर्षीच्या तारखांवरून अंदाज काढून तुमची रजा त्या महिन्यात लावून घ्या. गणपती-दिवाळी घरी मिळणार नाही, हे आधीच आईला आणि लग्न झालं असेल तर बायकोला सांगून ठेवा. रजेतले दिवस परीक्षेत गेल्यावर घरात काय वातावरण असतं ते मी भोगलंय. तरी सांगतो, करा.

आता फॉर्म. फॉर्म नुसता हातोहात कधी देऊ नका. वर एक साधा अर्ज जोडा: अमुक पत्राच्या संदर्भात, अमुक तारखेला, अमुक कागदांसह फॉर्म सादर करत आहे. दुसऱ्या प्रतीवर क्लार्कची सही आणि तारीख घ्या. क्लार्क सही द्यायला कचरला तर डायरीत तारीख, वेळ आणि त्या वेळी तिथे कोण होतं ते लिहा. आठवड्यानं पुन्हा विचारा. नंतर कंपनी कमांडरच्या इंटरव्ह्यूसाठी रीतसर नाव द्या, मग सीओंच्या. हा तुमचा हक्क आहे, त्यात उद्धटपणा नाही. समोर उभे राहिल्यावर कुणाचं गाऱ्हाणं मांडू नका. एवढंच म्हणा: "साहब, मेरा फॉर्म अमुक तारीख से कंपनी ऑफिस में है, आखरी तारीख अमुक है, आपका फैसला चाहिए." निर्णय मागा. होकार मिळाला तर उत्तमच, नकार मिळाला तर तो लेखी, सहीनिशी असावा. बरेचदा लेखी नकार द्यायची वेळ आली की फॉर्म आपोआप पुढे जातो. नंतर मी आमच्या प्लाटूनमधल्या पोरांकडून असंच करून घेतलं आणि त्यातले दोघे आज अधिकारी आहेत.

लेखी नकार अन्यायाचा वाटला तर आर्मी ॲक्ट 1950 मधलं कलम 26 वाचा. अधिकारी नसलेल्या सैनिकावर वरिष्ठाकडून अन्याय झाला तर त्यानं आपल्या कंपनीच्या कमांडरकडे तक्रार करायची. तक्रार त्याच्याचविरुद्ध असेल तर त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे. त्यापुढे सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. 2007 च्या कायद्यानं ते झालं आणि मुंबईतही त्याचं खंडपीठ आहे. पण तिथे जाण्याआधी सैन्यातले सगळे मार्ग संपवावे लागतात आणि तोवर वयाची मर्यादा थांबत नाही. पंचविशीत सुरू केलेली तक्रार निकाली निघेपर्यंत तुम्ही एसीसीच्या वयातून बाहेर पडलेले असाल. म्हणून मी कायद्याच्या आधी डायरीवर भर देतो. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, सैन्य त्यातून वगळलेलं नाही. आपल्या फॉर्मचं काय झालं एवढं त्यातून नक्की कळतं.

दोन गोष्टी मात्र चुकूनही करू नका. चौघांनी मिळून एक अर्ज देऊ नका. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं असलं तरी एकत्र तक्रार ही शिस्तभंग धरली जाते. प्रत्येकानं स्वतःचा वेगळा अर्ज द्यावा. आणि मोबाइलवर व्हिडिओ करून टाकू नका. 2017 च्या जानेवारीत जवानांचे असे व्हिडिओ सगळ्या देशानं पाहिले. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी लगेच बजावलं की तक्रार आतल्या मार्गानं करा, तक्रारपेट्या ठेवल्या आहेत. आपलं बोलण्याचं आणि वर्तमानपत्राकडे जाण्याचं स्वातंत्र्य आर्मी ॲक्टच्या कलम 21 खाली मर्यादित आहे. सही करून आपण ते मान्य केलेलं असतं. मला ही मर्यादा जाचक वाटते, पण नोकरी घालवून कुणाचाही फॉर्म पुढे गेलेला नाही.

बाहेरच्या सरकारी नोकरीची परीक्षा द्यायची असेल तर एनओसी, म्हणजे युनिटचा ना-हरकत दाखला, घेतल्याशिवाय अर्ज करू नका. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हवाई दलातल्या एका जवानाच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की दलात भरती झालेल्याला मनाला येईल तेव्हा नोकरी सोडण्याचा बिनशर्त हक्क नाही. त्यानं बँकेतल्या अधिकारीपदाची परीक्षा पास केली होती, तरीही.

प्रमोशनचं थोडक्यात. 8, 16 आणि 24 वर्षांनी एमएसीपी या योजनेनं पगाराची पायरी वाढते, त्यामुळे पुष्कळजण निवांत होतात. पैसे वाढतात, रँक वाढत नाही, आणि रँकवर तुमची नोकरीची वर्षं ठरतात. नाईक आणि हवालदाराच्या कॅडरला नाव आलं की सबब सांगू नका, आणि तुमच्या पाळीला नाव आलं नाही तर त्याच आठवड्यात विचारा, पुढच्या वर्षी नाही. पेन्शन जवळ आल्यावर डीजीआरचे, म्हणजे सैनिक पुनर्वसन महासंचालनालयाचे, प्री-रिलीज कोर्स असतात, जवानांसाठी फी सरकार भरतं. तिथेही "नफरी कम" ऐकायला मिळेलच. तिथेही अर्ज लेखीच द्या. दहावी पास आणि 15 वर्षं नोकरी झालेल्या माजी सैनिकाला केंद्राच्या गट क पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीनं पात्र धरतात, ही सोय कित्येकांना माहीत नसते. तरी खरी पदवी हातात असलेली बरी, खाजगी कंपनीत ही समकक्षता कुणी विचारत नाही.

अग्निवीर म्हणून जाणाऱ्यांना वेगळं सांगावं लागेल. 2022 च्या योजनेत नोकरी 4 वर्षं, रजा वर्षाला 30 दिवस, आणि त्यानंतर 25 टक्क्यांपर्यंतच पोरं कायम होतात. म्हणजे चारांतली तीन पोरं पंचविशीच्या आत पुन्हा गावात. सेवानिधीचे, म्हणजे शेवटी एकरकमी मिळणारे, पावणेबारा लाखांच्या आसपास पैसे मिळतात, पण ते संपतात. दहावीवर गेलेल्याला एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून बारावी करता येते, आणि इग्नूची 3 वर्षांची पदवी आहे, तिच्यात निम्मे क्रेडिट तुम्ही दलात शिकलेल्या कामाचे धरले जातात. नियमित जवानाच्या हातात पंधरा-सतरा वर्षं असतात, एक साहेब वाईट निघाला तर तो बदलून जाईपर्यंत थांबता येतं. तुमच्याकडे थांबायला वेळ नाही. ट्रेनिंग संपून युनिटला हजर झालात की पहिल्या रजेवर यायच्या आधी या शिक्षणासाठी नाव नोंदवा, आणि नोंदणीच्या पावतीची एक प्रत घरी पाठवून द्या. दुसरी युनिटच्या क्लार्ककडे तुमच्या कागदांत लावून घ्या.